निर्व्यसनी तात्या

आमच्या घरमालकांना, म्हणजे तात्यांना, कसलंही व्यसन नव्हतं. हे मला त्यांनीच सांगितलं. कळंबच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी खोली बघायला त्यांच्या वस्तीवर गेले, तेव्हाची गोष्ट. सांगताना त्यांच्या तोंडातून, नाकातून आणि मला वाटतं थोडासा कानांतूनही धूर येत होता.

"बाई, आपलं घर निर्व्यसनी हाय. दारू न्हाय, मटका न्हाय, पत्ते न्हाय. तुमी अगदी बिनघोर ऱ्हावा."

मी त्यांच्या बोटांतल्या विडीकडे बघितलं. माझी नजर कुठे गेली हे बघायला त्यांनीही तिकडेच बघितलं.

"ही व्हय? ही काय व्यसन न्हाय. ही आपली पोटासाठी."

पुढे कळलं, की ती फक्त पोटासाठी नसायची. थंडीत ती उबेसाठी असायची, पावसाळ्यात कफासाठी, हिशेब करताना डोकं चालावं म्हणून आणि जेवल्यावर जिरावं म्हणून. उन्हाळ्यात मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "उष्णतेला उष्णताच मारती, बाई. तुमी शाळंत शिकवत न्हाय का?" मी हे काही शिकवत नव्हते.

तात्या किडकिडीत होते. टोपी पांढरीशुभ्र, धोतर पांढरंशुभ्र, मिशीसुद्धा पांढरी. फक्त तिच्या मध्यभागी जुन्या भिंतीला ओल यावी तसा पिवळा डाग. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. दोन वेळा ग्रामपंचायतीत निवडून आले होते, आणि तिसऱ्या वेळी पडल्यापासून तर सल्ला द्यायला भरपूर वेळ मिळत होता. घर नवं, सिमेंटचं, पण खालच्या मोठ्या खोलीला सगळे सोपाच म्हणत. सोप्यात तात्यांची खाट, खाटेखाली विड्यांची बंडलं, समोर टीव्ही. वरच्या मजल्यावर मी. धुराला जिना चढायला माणसापेक्षा कमी वेळ लागतो हे मला तिथे समजलं. मी वह्या तपासून परत दिल्या की वर्गातल्या पोरी आधी मार्क बघायच्या नाहीत, आधी वही हुंगायच्या.

माणूस वाईट होता असं मुळीच नाही. मला ताप आला तेव्हा स्वतः जाऊन गोळ्या घेऊन आले आणि उशाशी बसून, विडी ओढत, मला विश्रांती घ्यायला लावली.

तंबाखूचे दुष्परिणाम त्यांना माहीत नव्हते, असंही कुणी म्हणू नये. उलट त्या विषयावर पंचक्रोशीत त्यांच्याइतका चांगला वक्ता नव्हता. एकदा अंगणवाडीत गरोदर बायकांसाठी कार्यक्रम होता. माजी सदस्य म्हणून तात्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं. आमच्याकडे बऱ्याच बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना चोळत बसायची. पोटुशी बाई तर मळमळ थांबते म्हणून जास्तच चोळते. तात्या उभे राहिले, टोपी सारखी केली आणि सुरू झाले.

"आयाबायांनो, मिश्री म्हंजी तंबाखूच हाय. भाजली म्हणून तिचं काय फुटाणं हुत्यात व्हय? तुमी तोंडाला लावता, पर ती जाती कुठं? रगतात जाती. रगतातनं लेकराला जाती. जे लेकरू अजून दूध प्यालं न्हाय, त्याला तुमी तंबाखू चारताय! लाज वाटू द्या!"

बायकांनी माना खाली घातल्या. सेविकेने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, कारण भाषण खरंच उत्तम होतं. मग तात्या बाहेर आले, अंगणवाडीच्या दाराच्या चौकटीला टेकले आणि विडी पेटवली. दार एकच होतं. सगळ्या पोटुश्या बायका पदर नाकाला लावून त्यांच्या अंगावरून, त्यांच्या धुरातून, एकेक करून बाहेर पडल्या, आणि तात्या प्रत्येकीला "ध्यानात ठिवा बरं का" म्हणत राहिले.

त्यांची बायको जिजी शेवटच्या ओळीत बसली होती. तिच्या कमरेला मिश्रीची डबी होती. घरी आल्यावर ती भांडी आपटत म्हणाली, "माझी तेवढी डबी दिसती ह्यांला. सोताचं बंडल दिसत न्हाय."

तात्यांनी शांतपणे खुलासा केला. "मिश्री खाली जाती, पोटाकडं. बिडीचा धूर वर जातो. वर देव हाय, त्यो बघून घील."

आता घरातल्या बाकीच्या माणसांबद्दल. मुलगा संतोष, सून वैशाली. वैशालीचं माहेर तिकडे नरसिंहपूरच्या बाजूला. मी राहायला गेले त्याच्या आधीच्या वर्षी ती पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे माहेरी गेली, आणि तिथे दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. मूठभर होती म्हणे. काचेच्या पेटीत ठेवली, पण काही दिवसांतच गेली. वैशाली हे मला एकदाच बोलली, कपडे वाळत घालताना, आणि बोलून झाल्यावर तोच टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत राहिली.

तात्यांनी त्या प्रकरणाचा तपास पूर्ण केला होता. त्यांच्या मते दोष माहेरचा. "नदीकाठची हवा. दमट. त्यात तिच्या आईनं तिला पपई दिली आसणार." पपई दिली नव्हती. पण तात्यांचा निकाल लागला होता, आणि त्यांच्या निकालावर अपील नसायचं. त्यामुळे वैशालीला पुन्हा दिवस गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की ह्या खेपेला सून माहेरी जाणार नाही. बाळंतपण इथेच, बारामतीच्या दवाखान्यात, आणि तोवर ती त्यांच्या डोळ्यांसमोर राहणार. तात्यांचे डोळे सोप्यात असायचे. म्हणून वैशालीनेही सोप्यातच बसायचं.

तिची काळजी त्यांनी किती घ्यावी! पपई बंद, अननस बंद, तीळ बंद. तिने जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, मयतीला जायचं नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर उभं राहायचं नाही. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या की तिला धुरळा लागू नये म्हणून ते स्वतः उठून खिडक्या लावायचे, आणि लावून झाल्या की दमून विडी ओढायचे.

आणि संतोष? तो संस्कारी मुलगा. त्यालाही सिगारेट लागायची, पण बापासमोर त्याने कधी ओढली नाही. वडिलांचा मान म्हणून तो आपल्या बेडरूममध्ये जायचा, दार लावायचा, वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावायचा आणि मग ओढायचा. त्या खोलीत वैशाली झोपलेली असायची. म्हणजे सोप्यात सासऱ्याची माया आणि खोलीत नवऱ्याची अदब, ह्या दोन्हींच्या मधोमध ती पोर खोकत फिरायची. मला ह्या सभ्यपणाचा इतका संताप यायचा, की कधी कधी वाटायचं, ह्या घरात एखादा उद्धट मुलगा हवा होता, अंगणात राजरोस ओढणारा.

त्या वर्षी दिवाळीत ग्रहण आलं. पोटुशी बाई आणि ग्रहण म्हणजे आमच्याकडे केवढी जोखीम! तिने चिरायचं नाही, शिवायचं नाही, झोपायचं नाही, आणि ग्रहणाचा उजेड तर अंगावर पडूच द्यायचा नाही, नाहीतर मूल व्यंग घेऊन येतं. तात्यांनी दुपारपासूनच तयारी केली. मागची अंधारी खोली निवडली. खिडकी लावली, तिच्यावर घोंगडी टांगली, दाराखालच्या फटीत जिजीचं जुनं लुगडं कोंबलं. कौतुकाने मला दाखवायला नेलं. "बगा, मुंगी आत यायची न्हाय."

मग वैशालीला पाटावर बसवलं आणि तिला डुलकी लागू नये म्हणून राखणीला स्वतः आत बसले.

आता नातवंडाच्या काळजीने जीव टांगणीला लागलेला माणूस, करायला काही काम नाही, बाहेर सूर्याला ग्रहण लागलेलं. तो काय करणार? मी वरून खाली आले तेव्हा दाराखालच्या लुगड्यातून निळसर धूर झिरपत होता. मी दार ठोठावलं. आतून तात्या ओरडले, "उघडू नका! सुटायचं हाय अजून!" शेवटी ग्रहण सुटलं आणि दार उघडलं. आधी धूर बाहेर आला, मग खोकला, मग वैशाली. तिचे डोळे लाल झाले होते, ओठ कोरडे पडले होते. ती अंगणात जाऊन तुळशीशेजारी वाकून ओकली. तात्या तिच्यामागून टोपी झाडत आले, आणि चेहऱ्यावर केवढं समाधान!

"किरण म्हणून शिवू दिला न्हाय पोरीला," ते म्हणाले.

थंडीत तिला तपासणीला बारामतीला न्यायचं होतं. मला तिकडे काम होतं म्हणून मीही गाडीत बसले. दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या. त्यांनी वैशालीला तपासलं, सोनोग्राफी बघितली, तिच्या जवळ गेल्या आणि थांबल्या. मग हळूच विचारलं, "तुम्ही विडी ओढता का?"

वैशाली गोरीमोरी झाली. तात्या मात्र खुर्चीतून उभेच राहिले. "डाक्टरीणबाई, तोंड सांबाळून! आमच्या घरातल्या बाया असल्या न्हाईत. आमचं घर निर्व्यसनी हाय."

"मग ह्यांच्या केसांना, साडीला एवढा वास कशाचा?"

 संतोषने खिशातलं सिगारेटचं पाकीट वरून हाताने झाकलं. तात्यांनी छताकडे बघितलं. शेवटी वैशालीच म्हणाली, "घरात हैत ओढणारी."

डॉक्टर बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी सांगितलं, की महिन्यांच्या मानाने बाळ लहान वाटतंय, वाढ मागे आहे. पहिलं बाळ कमी दिवसांचं होऊन गेलेलं आहे, तेव्हा ह्या वेळी जपा. घरात कुणीही ओढायचं नाही. दारात नाही, खिडकीत नाही, उदबत्ती लावून नाही. ओढायचं असेल त्याने घरापासून लांब जायचं.

 परतताना गाडीत तात्यांना सूर सापडला. "शिकल्याली हाय, पर अनुभव न्हाय तिला. माझ्या आईला आठ लेकरं झाली. बा खाटंवर बसून चिलीम वढायचा. कुणाला काय झालं न्हाय."

"आठांतली जगली किती, तात्या?" मी विचारलं.

त्यांनी काचेबाहेर बघितलं. "तीन. पर तिन्ही बगा कशी! वाघावानी."

हे सांगताना त्यांना खोकल्याची अशी उबळ आली, की संतोषला गाडी बाजूला घ्यावी लागली.

तरी दवाखान्याचा परिणाम झाला नाही असं नाही. तात्यांनी खाट भिंतीपासून दारापर्यंत सरकवली. तोंड आत, विडी बाहेर, अशी बैठक धरली. वारा नेमका आत यायचा, तो त्यांचा दोष नव्हता. मग संतोषने पुण्याहून एक चकचकीत पेनासारखी वस्तू आणली. ओढली की आंब्याच्या वासाची वाफ यायची. त्याची अदब कायम असल्यामुळे तीही तो खोलीतच ओढायचा. थंडीच्या दिवसांत घरात पिकल्या आंब्याचा वास कुठून, म्हणून तात्यांनी शोध घेतला, मुलाला रंगेहाथ पकडलं, भरपूर सुनावलं आणि ती वस्तू जप्त केली. दुसऱ्या दिवसापासून स्वतः ओढायला लागले. अशा रीतीने बापाने मुलाचं व्यसन सोडवलं.

"बाई, ह्यात धूर न्हायच. वाफ हाय. सर्दीला तुमी वाफ घेता का न्हाय? तसंच हे." आणि ते निर्धास्तपणे वैशालीच्या खाटेच्या पायथ्याशी बसून आंब्याची वाफ सोडायचे. मी म्हटलं, तात्या, ह्याच्या विक्रीवर सरकारने बंदी घातली आहे. म्हणाले, "इकायला बंदी हाय. म्या कुठं इकतोय?" वैशालीला त्या गोड वासाने विडीपेक्षा जास्त उलट्या व्हायला लागल्या. सुदैवाने तात्यांचंच मन त्या वाफेवर बसलं नाही. "वाफंत काय दम न्हाय," म्हणून ते पुन्हा विडीकडे वळले.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, की ह्या माणसाला विडीवाचून क्षणभरही राहता येत नसेल. तसं अजिबात नव्हतं. तात्यांची नर्सरी होती. घरामागे शेडनेट, त्यात टोमॅटो, ढोबळी मिरचीची रोपं ट्रेमध्ये वाढवून शेतकऱ्यांना विकायची. एका वर्षी सगळ्या रोपांच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडले आणि माल फेकून द्यावा लागला. सल्ला द्यायला आलेल्या माणसाने रोपं बघितली, मग तात्यांची पिवळी बोटं बघितली आणि सांगितलं, की तंबाखूतून येणारा रोग आहे. विडी वळलेल्या, तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला शिवलं की लागतो.

तात्यांनी तो शब्द वेदवाक्य मानला. शेडच्या दारावर पाटी लागली: तंबाखू, विडी, सिगारेट, मिश्री आत सक्त मनाई. दारात पाण्याचा ड्रम, साबण आणि हात बुडवायला दुधाची बादली, कारण दुधाने त्या रोगाचं विष मरतं असं त्या माणसाने सांगितलं होतं. कामाला आलेल्या प्रत्येक गड्याचे हात तात्या स्वतः हुंगायचे. बायकांना दात दाखवायला लावायचे. सख्खा मेहुणा खिशात बंडल घेऊन आला, तर त्याला दारातून परत पाठवला. आणि खोटं कशाला बोला, स्वतःलाही त्यांनी सूट दिली नाही. शेडमध्ये जायचं म्हणजे विडी विझवायची, चूळ भरायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, दुधात बुडवायचे. आत ते तास तास बिनविडीचे काम करायचे, आणि बाहेर आल्यावर त्यांचं पोट, कफ, डोकं सगळं ठीक असायचं.

दवाखान्यातून आल्यानंतर थोड्या दिवसांनी वैशालीने एका सकाळी प्लास्टिकची खुर्ची उचलली, पाण्याची बाटली घेतली आणि शेडमध्ये जाऊन बसली. ट्रेमध्ये बी टाकायचं बसल्या जागेचं काम हातात घेतलं. जेवायला घरात आली नाही, डबा तिकडेच मागवला. दुसऱ्या दिवशी तेच. तात्या खूश. सून कामसू निघाली म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले. दुपारी पडायला लागतं म्हणून तिने शेडच्या कोपऱ्यात चटई नेली, मग उशी नेली. संतोष जवळ जाऊन बसायला बघू लागला, तर तिने आधी त्याचे हात हुंगले आणि त्याला बाहेर काढला. रात्रीपुरती ती, जिन्याची बंदी मोडून, माझ्याकडे वर झोपायला यायची. मी जिन्याच्या तोंडाशी दार बसवून घेतलं होतं.

मग जिजीही तिकडे जायला लागली. त्यासाठी तिला मिश्री सोडावी लागली, कारण दात बघितल्याशिवाय सून आत घेईना. चार दिवस चिडचिड केली, मग डबी चुलीत टाकली. आता घरात उरले तात्या आणि टीव्ही. चहा मागितला तर द्यायला कुणी नाही. मग मात्र तात्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

रविवार होता, मी शेडजवळच उभी होते. तात्या तरातरा आले. हातात पेटलेली विडी.

"वैशाली, घरात चल. लोक काय म्हणत्याल, सून शेडात ऱ्हाती म्हणून."

वैशाली खुर्चीतून उठली नाही. "तात्या, आत येऊन बोला. पर बिडी टाका. हात धुवा."

कामाच्या बायका खाली माना घालून ट्रे भरत होत्या, पण एकीचाही हात चालत नव्हता. तात्यांनी विडीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. पाटी त्यांनीच लावलेली. टाकली विडी. चूळ भरली, हात धुतले, दुधात बुडवले आणि आत गेले.

"हां. बोल."

"मला येवढंच सांगा," वैशाली म्हणाली.  "ही रोपं गिऱ्हाइकाची. चार आठवड्यांत जात्यात. त्यांना तुमच्या हाताचा वाससुदिक चालत न्हाय. मग माझ्या पोटातल्याला सगळा धूर कसा चालतो?"

तात्या म्हणाले, "रोपं नाजूक असत्यात, पोरी."

तिने पोटावर हात ठेवला. "आनि हे?"

  तात्यांनी एका ट्रेमधलं कोवळं रोप उगाच सरळ केलं. मग बाहेर निघून गेले, आणि नेहमी बाहेर पडताच खिशाकडे जाणारा त्यांचा हात तेवढ्यापुरता खिशाकडे गेला नाही.

त्याच दिवशी त्यांनी खाट उचलून पाण्याच्या चारीपलीकडे, उसाच्या बांधावर नेली. वर पत्र्याचं छप्पर टाकून घेतलं. सुनेचं ऐकलं असं ते मेले तरी म्हणाले नसते. गावाला कारण सांगितलं, "पाण्याच्या मोटारी चोरीला जात्यात हल्ली. राखणीला कुणीतरी पायजे." आमच्या वस्तीवरची मोटार कधी चोरीला गेली नव्हती, पण गावानेही समजूतदारपणे माना डोलावल्या. दूध घालायला जाणारी पोरं तेवढी मुद्दाम सायकल थांबवून विचारायची, "तात्या, मोटार हाय का?"

वैशाली घरात परतली. संतोषलाही सिगारेट घेऊन बांधावर जायला लागायचं. पण तिथे वडील असल्यामुळे अदब आडवी यायची आणि तो न ओढताच परत यायचा. त्याचं सुटत आलं होतं ते असं.

तिचे दिवस भरत आले तेव्हा एकदा मी तात्यांना डबा द्यायला गेले. मला त्यांची कीव येत नव्हती. चारीच्या पलीकडे एक म्हातारा एकटा बसतो, ह्याचं वाईट वाटावं, तर मला ती अंधारी खोली आठवायची. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि उसाकडे बघत म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या हाय. एक सांगा. ती पयली पोरगी... ती बिडीनं गेली आसंल का?"

नाही म्हणणं सोपं होतं. हो म्हणायची तर कधीची इच्छा होती. पण खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही, तात्या. आता कुणालाच सांगता येणार नाही."

"मंजी, आसंल बी."

"असेल बी."

 त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसले. मग त्यांनी खिशातून बंडल काढलं, त्यातली एक विडी बाहेर घेतली आणि पेटवली. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. त्या क्षणी मात्र मला त्यांची कीव आली, आणि त्या कीवेचा रागही आला.

मुलगी झाली. दिवस भरून झाली. वजनाला जरा हलकी, पण आवाज असा, की दवाखान्यातली शेजारची बाळं दचकून उठली. नाव ठेवलं ओवी. वैशालीने घरी आल्या आल्या नियम सांगितला: ओवीला घ्यायचं, तर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, आणि त्याआधी अर्धा दिवस विडी न ओढता. तात्यांनी हे ऐकून घेतलं. सुरुवातीला अंघोळ करून, टोपीसुद्धा बदलून, नात मांडीवर घ्यायला ते यायचे. पण अर्धा दिवस हा फार मोठा काळ असतो, आणि तात्यांना व्यसन नसल्यामुळे त्यांना ते सोडताही येत नव्हतं. रोजचं येणं बाजाराच्या दिवसावर आलं, मग सणावारावर.

माझी बदली बारामतीजवळ झाली. ओवी बोलायला लागल्यावर एकदा मी तिला बघायला गेले. चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना गाडी चारीच्या कडेला लावली होती तिथे आले, तर पलीकडे तात्या दिसले. आणखी वाळले होते. खाटेवर बसून, उजव्या हातात विडी, डाव्या हातात मोबाइल. मागे ओट्यावर वैशाली ओवीसमोर दुसरा मोबाइल धरून बसली होती. मध्ये चारीचं पाणी. "आज्जा! ए आज्जा!" अशी हाक माझ्या पाठीमागून आली आणि लगोलग समोरून, त्यांच्या हातातूनही आली.

"आलो गं, माजी बाय, थांब," तात्या म्हणाले.

विडी ओठांत होती, झुरका घेतला गेला होता. त्यांनी मोबाइल घाईघाईने हात लांब करून पाठीमागे नेला. मान दुसऱ्या बाजूला, उसाकडे वळवली. सगळा धूर तिकडे सोडला. टोपी काढून ती तोंडासमोर चांगली हलवली, हवा स्वच्छ झाली का बघितली आणि मगच मोबाइल पुन्हा समोर धरला.

"हां," ते म्हणाले, "आता बोल, बाळा."